चाळण आणि मी

मित्रांनो, तुम्ही खेळायला आलात की ज्याच्यावर दप्तरं टाकता, तो मी एक जुना लाकडी बाक आहे. ऊन कोवळं असलं की माझा डोळा लागतो. मग धुक्यातून कुणी चालत यावं, तसे जुने दिवस हळूहळू माझ्याजवळ येतात.

एका सुताराने मला फुटबॉल क्लबसाठी घडवलं. सामन्याच्या वेळी प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू माझ्यावर बसत. तेव्हा आमच्या मुलींचा संघ इतका जिंकायचा, की माझ्यावर कुणी धड टेकतच नसे. दरवर्षी मला हिरवा रंग मिळे. मग एकाच वर्षी सात जुन्या खेळाडू निवृत्त झाल्या आणि संघ पार खिळखिळा झाला.

तेव्हा ताई आल्या. त्या नव्या प्रशिक्षक, एके काळच्या गोलकीपर. त्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुली निवडल्या आणि आम्ही हरू लागलो. अगदी सवय लागल्यासारखे. नवी गोलकीपर एका सामन्यात सात गोल खाऊन आली, तेव्हा प्रेक्षकांनी तिचं नाव ठेवलं ‘चाळण’. त्या वर्षी मला रंगही मिळाला नाही.

तो सात गोलांचा सामना संपल्यावर क्लबचे सचिव ताईंशेजारी येऊन बसले.

“ही मुलगी बदला. लोक माझं डोकं खातात.”

“गोलकीपर घडायला वेळ लागतो. मीही चार वर्षं गोल खाल्लेत.”

“तेव्हा तुम्हाला काढा म्हणून कुणी आलं नव्हतं.”

“आले होते. माझ्या सरांनी ऐकलं नाही.”

सचिव उठून गेले. माझ्या टोकाला बसलेल्या चाळणीने सगळं ऐकलं होतं. ती हातमोजे काढेना, की घरी जाईना. ताई सरकत सरकत तिच्याजवळ गेल्या. दोघी रिकाम्या मैदानाकडे बघत बसल्या. गवतावरून सावली सरकत होती. ताई म्हणाल्या, “उद्या अर्धा तास लवकर ये.”

ती आली. दोन वर्षं रोज आली. दव पडलेलं असायचं, चेंडू हातांवर आपटल्याचा आवाज यायचा, आणि मी अर्धवट झोपेत तो मोजायचो.

तिसऱ्या वर्षी आम्ही शेवटचा सामना एका गोलने हरलो आणि खालच्या गटात घसरलो. ताईंना काढून टाकलं. त्या माझ्यावरून पाण्याच्या बाटल्या गोळा करून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, आणि त्याच मुली जिंकत सुटल्या. गटाच्या अंतिम सामन्यात चाळणीने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली, शिट्टी वाजली आणि आम्ही जिंकलो. सगळा संघ तिच्याकडे धावला. ती मात्र थेट प्रेक्षकांत गेली. सहाव्या रांगेत ताई बसल्या होत्या. तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली माझ्यापाशी आणलं. नवे प्रशिक्षक उठले आणि त्यांनी ताईंना जागा करून दिली.

आता सामन्यांच्या मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि मी इथे, सरावाच्या मैदानावर आहे. मित्रांनो, माझा एक पाय डुगडुगतो, तेवढा खिळा ठोकून घ्या. आणि आज नऊ गोल खाऊन एखादी मुलगी माझ्यावर येऊन बसली, तर तिला काही विचारू नका. जरा सरकून तिला जागा द्या.