आवरा आता

दबोराबाईंचं घर म्हणजे सुतारकामाचं गोदामच. नवरा सॅमसन हाताचा मोठा कारागीर, पण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. त्यामुळं न विकलेली कपाटं, स्टुलं, दिवाण, सगळं घरातच साचत गेलं. तो प्रभूकडं गेला आन् लाकूड मागं राहिलं. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारातल्या त्या घरात शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागे.

दबोराबाईंना मात्र त्या अडगळीचाच आधार. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते आन् ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. पलंगाची कड, मग कपाटाची मूठ, मग डुगडुगणारं स्टूल, की आला गॅस. चर्चला जाताना गुडघ्याचं निमित्त सांगून शेजारणीचा हात धरायच्या. ही लबाडी कशासाठी? तर लेक योसेफ सणसवाडीला कंपनीत. त्यानं बजावून ठेवलं होतं, डोळे गेले की इथं कुलूप लावीन आन् तुला खोलीवर नेईन. खोली एवढीशी, नवराबायको दोघं ड्युटीवर, म्हणजे ह्या दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

अशात नाताळ तोंडावर आला आन् चर्चच्या तरुण संघाला सेवेचं भरतं आलं. रोझी पोरांची टोळी घेऊन दारात हजर. पोर गुणाची, पण कामाचा उरक असा की समोरच्याचं ऐकायला सवड नाही. मावशी, तुमचं सामान नीट लावून देतो, चालायला वाट करतो, असं म्हणत तिनं दबोराबाईंना बाहेर खुर्चीत बसवलंसुद्धा.

राहू दे गं, बरं हाय माझं, असं त्या म्हणाल्या. पण कोण ऐकतंय! खरं कारण सांगावं तर रविवारच्या आत योसेफच्या कानावर जाणार. आत पलंग फरफटत गेला. मागोमाग कपाट. अर्धवट उठून दबोराबाई कळवळून म्हणाल्या, "आवरा गं आता. आवरा."

त्यांना म्हणायचं होतं, थांबा. रोझीनं भलतंच ऐकलं. मावशी स्वतःच आवरा म्हणताहेत तर कोपरा न् कोपरा आवरू, असं तिनं पोरांना सांगितलं आन् सॅमसनचा फोटोसुद्धा खिळ्यावरून उतरला.

दुपारी प्रार्थना करून पोरं गेली. घर मोकळं, झाडलेलं, हवेशीर. दबोराबाईंनी हात पुढं केला. पलंग नाही. आणखी पुढं गेल्या, कपाट नाही. नुसती हवा. गॅस कुठल्या अंगाला, दार कुठल्या, काही म्हणता काही उमजेना. चाचपडत एक भिंत सापडली, तिला पाठ लावून त्या खाली बसल्या आन् पोटभर रडल्या. रोझीला शिव्या घालाव्यात, तर ते लेकरू भल्यासाठीच राबलेलं. रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी योसेफ केक घेऊन आला. घर बघून खूश झाला, रोझीचं तोंडभरून कौतुक केलं. चहाचं निघालं तशी दबोराबाईंनी गुडघ्याचं निमित्त पुढं केलं, तर त्यानं स्वतःच चहा टाकला. चला, एवढं निभावलं, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या हातात कप देत तो म्हणाला, "बाबांचा फोटो आता झकास दिसतोय, न्हाई?"

संध्याकाळी रस्त्यावर वाढलेल्या गाड्यांच्या आवाजावरून दबोराबाईंनी समोरची भिंत हेरली. सॅमसनचा फोटो कायम तिथंच असायचा. तिकडं तोंड करून त्या हसल्या.

"व्हय रं. तसाच बघतोय माझ्याकडं."

योसेफनं तिकडं बघितलं. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता. फोटो होता तो त्यांच्या डोक्यावर, त्या टेकल्या होत्या त्याच भिंतीला. त्यानं आपला कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांच्या तोंडासमोर हात हलवल्याचा वारा लागला, पण पापणी लवली नाही.

"कवापासून, आये?"

तो नाक ओढत त्यांच्या शेजारी बसला. त्याचंही काळीज तुटत होतं, पण दुसरी वाट त्याच्याकडं नव्हती.

"आवर तुझं," तो म्हणाला. "सकाळच्या एसटीनं निघू."

दबोराबाईंनी कपड्यांच्या पिशवीसाठी हात पुढं केला. पोरांनी ती कुठं ठेवलीय, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.