ताईने फक्त विचारलं होतं

डूख धरणं वाईट, असं म्हणतात. म्हणू देत. मी दोन वर्षं धरला आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

आमच्या टीमच्या मुख्याला आम्ही पाठीमागे मास्तर म्हणायचो. प्रोग्रॅममध्ये नावं कशी द्यावीत यावर त्याचं प्रवचन रोज चालायचं. ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असतं, त्याचं नाव प्रश्नासारखं हवं. नावात नकार नको, नाहीतर 'बंद नाही' हे खोटं म्हणजे चालू की बंद, यातच दिवस जातो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे प्रश्नासारखं नाव असलेल्या फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याने, फक्त उत्तर द्यावं, कशाला हात लावू नये. कुणी चुकलं की तो त्याला सगळ्यांसमोर उभं करायचा. नाकाने कांदे सोलावेत ते त्यानेच.

या कंपनीत मी कमी पगारावर आले ते ताईसाठी. ताई औषधांच्या एका गोदामात स्टोअरकीपर होती. घरी निघताना ती रोज कॉम्प्युटरवर बघायची, लसींच्या कोल्ड रूमचा अलार्म चालू आहे का. स्क्रीन सांगायची, चालू. एका शनिवारी-रविवारी खोली तापली, अलार्म वाजलाच नाही आणि सगळ्या लसी वाया गेल्या. फक्त त्या शुक्रवारचं रेकॉर्ड काढलं गेलं, आणि त्यात होतं की संध्याकाळी सहाला ताईच्या लॉगिनवरून अलार्म बंद झाला. प्रोग्रॅम मास्तरचा. चौकशीत त्याने सांगितलं, रेकॉर्ड बरोबर आहे. मी फक्त बघितलं होतं, असं ताई शपथेवर सांगत राहिली. नोकरी गेली ती गेलीच, वर बेजबाबदारपणाचा शिक्का बसला. नव्या ठिकाणी मुलाखतीला गेली की तिच्याआधी तिची कीर्ती पोचलेली असायची. तिचं ते 'फक्त बघितलं होतं' माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी इथे आले.

तिसऱ्या महिन्यात मला ते फंक्शन सापडलं. कोडमध्ये कुणी कधी काय बदललं याचा सगळा इतिहास कॉम्प्युटर जपून ठेवतो. नाव होतं 'अलार्म चालू आहे का', अगदी नियमात बसणारं. पण आत भलतंच. ते उत्तर द्यायचं आणि जाता जाता अलार्म बंद करून टाकायचं. रोज सकाळी खोली उघडली की तो आपोआप परत चालू व्हायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या शनिवारी खोली उघडायला कुणी आलंच नाही.

म्हणजे ताईने कामचुकारपणा केला असता, न बघताच घरी गेली असती, तर अलार्म वाजला असता. माझं डोकं सणकलं. त्यात चौकशीच्या चार दिवस आधी मास्तरने ते गुपचूप दुरुस्त केलं होतं. शेजारी शेरा होता, 'किरकोळ सुधारणा'.

मी ब्र काढला नाही. वाट बघत राहिले. मग ग्राहकांसमोर त्याचं नावांवरचं भाषण ठरलं आणि उदाहरणं जमवायचं काम त्याने मलाच दिलं. आपल्याच जुन्या कोडमधली घे, लोकांना पटतात, म्हणाला. गोदामाच्या मॅनेजरबाईही येणार होत्या. मी सात उदाहरणं काढली. सहावं ते होतं, लिहिणाऱ्याच्या नावासकट आणि तारखांसकट.

आधी बघून घ्यायची त्याला सवय नव्हती. पाच उदाहरणं झोकात झाली. सहावं त्याने मोठ्याने वाचलं, असं लिहिणाऱ्याला खुर्चीवर बसू देऊ नये म्हणाला, आणि मग खाली स्वतःचं नाव बघितलं. पुढची स्लाइड लाव, अशी त्याने मला खूण केली. मी लावली नाही. मॅनेजरबाई तारखा वाचत होत्या.

"सर, चौकशीत बोललात तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं का?" मी उभं राहून विचारलं.

प्रकरण जरा गुंतागुंतीचं होतं, असं काहीतरी तो बोलायला लागला. मॅनेजरबाईंनी त्याला मध्येच तोडलं. हो की नाही, एवढंच सांगा, म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आठवड्याभरात त्याची उचलबांगडी झाली. ताईच्या नावाने गोदामाचं माफीपत्र निघालं, कामावर परत बोलावणारं. ते मी स्वतः घेऊन घरी गेले. ती हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिने पत्र दोनदा वाचलं. हसली नाही.

"रेकॉर्ड खोटं बोलत नाही, हे मला चौकशीच्याही आधी कोण म्हणालं होतं?"

मी म्हणाले होते. त्याच हॉलमध्ये, चहा पिता पिता.

"त्या माणसाला मी ओळखतसुद्धा नव्हते गं. तू माझी बहीण. आईलाही तूच पटवलंस, की चूक झालीये, पण कबूल करायची हिला लाज वाटते."

मी म्हटलं, म्हणूनच तर मी एवढा सूड घेतला, तुझ्यासाठी.

"माझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

तिने आईला आतल्या खोलीतून बोलावून घेतलं. खुर्ची ओढून तिला माझ्यासमोर बसवलं आणि पत्र माझ्या हातात दिलं.

"वाच. आणि झालं की तू तिला काय सांगितलं होतंस, तेही सांग."

काय गं, काय झालं, असं आई विचारत होती. मी पत्र उलगडलं. ताई हाताची घडी घालून भिंतीला टेकली.

"सावकाश वाच," ती म्हणाली. "मला घाई नाही."