डबकं नव्हं, तळं

सोनुबाईच्या परसातल्या पाण्याला कुणी 'तळं' म्हटलेलं तिला आवडायचं, 'खड्डा' म्हटलेलंही ती एक वेळ ऐकून घ्यायची, पण 'डबकं' म्हणालात की संपलं. मग तुम्ही पाहुणे असा नाहीतर पोस्टमन, पुढचा चहा विसरा. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं एकदा सहज विचारलं, की मावशी, हे डबकं कशाला ठेवलंय? बाईनं त्याला सिलिंडर फाटकाबाहेरच ठेवायला लावला आणि स्वतः गडगडत आत नेला. सत्तरीची बाई, पण ताठा बघून घ्यावा.

तसं ते तळं काही मोठं नव्हतं. बारा हात लांब, आठ हात रुंद, मधोमध कंबरभर खोल. निपाणीच्या कडेला नवीन वस्ती झाली तेव्हा सोनुबाईच्या मुलानं, दीपंकरनं, तिथं घर बांधलं. तो संकेश्वरात बँकेत अधिकारी. जोत्यात भर घालायला परसातलाच मुरूम काढला, त्याचा खड्डा पडला आणि पावसात भरला. घर झाल्यावर दीपंकर तो बुजवायला निघाला, तर सोनुबाई जाऊन काठावर बसली ती उठेचना. म्हणाली, राहू दे.

का राहू दे, ते तिनं त्याला सांगितलं नाही. खोटं कशाला बोला, ते सांगण्यासारखं नव्हतंच. सोनुबाई पाच-सहा वर्षांची असताना तिची आई गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभी राहायची. कुणाच्या मनात आलं आणि वरून ओतलं, तर पाणी. नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. लेकीनं पुढं पस्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत निवड केली, खोकत खोकत पोराला शिकवलं आणि आता स्वतःच्या नावावरच्या जागेत स्वतःचं पाणी बघत बसली होती. सुनेला, सुविधाला, ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या पाण्यावर येताना कुणी इचारायचं न्हाय."

आणि न विचारता पहिला आला तो खंड्या. कपडे वाळत घालायच्या तारेवर निळाशार होऊन बसला, धपकन पाण्यात पडला आणि बेडकाचं पोर घेऊन गेला. सोनुबाईला इतका आनंद झाला, की तिनं दोन पिळे तसेच बादलीत ठेवले आणि दुसरी तार बांधून घेतली. ती पहिली तार त्या दिवसापासून खंड्याची. मग ओढ्यातनं मासे आणून सोडले, काठाला लव्हाळा लावला, कोपऱ्यात हत्तीगवत वाढू दिलं. धोबी पक्षी आले, बगळा आला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाणकोंबड्यांचं जोडपं आलं. काळी पाठ, पांढरं तोंड, पांढरी छाती, आणि शेपटी सारखी झटकत चालायची. जरा पान हललं की गवतात गडप.

त्या पाणकोंबडीशी सोनुबाईनं दोस्ती केली, ती घाई न करता. आधी लांबच्या काठावर मूठभर जोंधळे टाकायचे आणि घरात यायचं. महिन्यानं दारात उभं राहायचं. मग पायरीवर, मग धुण्याच्या दगडावर. दोन वर्षांनी कोंबडी तिच्या पायापासून हातभरावर येऊन दाणे टिपायला लागली. हातावर कधी आली नाही आणि सोनुबाईनं तसा हट्टही धरला नाही. ती पाहुणी हाय, पाळलेली न्हाय, असं ती म्हणायची. यंदाच्या पावसाळ्यात कोंबडी चोचीत काड्या धरून हत्तीगवतात जाताना दिसली, आणि मग एका वेळी दोघांतलं एकच बाहेर यायला लागलं. सोनुबाई काय ते समजली. तिनं त्या कोपऱ्यात घरातल्या कुणालाही पाऊल टाकू दिलं नाही.

आणि नेमका त्याच वेळी गल्लीत डेंगूचा ताप आला.

शेजारचे नागेंद्र सर, रिटायर झालेले कन्नड शाळेचे मास्तर. त्यांची नात आठ दिवस दवाखान्यात होती. पोर घरी आली, पण सरांनी कुंपणावरून दीपंकरला हळूच सांगितलं, की तुमच्या मागच्या पाण्याचं काहीतरी बघा. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. म्हणूनच ते दीपंकरला जास्त लागलं. दोन दिवसांनी आशा कार्यकर्ती रचना डासांच्या अळ्या तपासायला आली. तिनं पळी बुडवून वर काढली, तर पाच-सहा अळ्या वळवळत होत्या. कडेला लव्हाळा फार दाट झाला होता, मासे तिथवर पोचत नव्हते. रचनानं आपल्या कागदावर कन्नडात लिहिलं, 'गुंडी'. म्हणजे खड्डा. सोनुबाईला कन्नड वाचता येत नव्हतं, पण बोललेलं सगळं समजत होतं, आणि रचना लिहिताना पुटपुटत होती.

दीपंकरनं नागेंद्र सरांना शब्द दिला. पंधरा दिवसांनी रचना परत येईल. तेव्हा एक जरी अळी मिळाली तर तळं बुजवायचं. नुसता शब्द देऊन थांबला नाही, दुसऱ्या दिवशी मुरमाची ट्रॉली फाटकाशी ओतून घेतली. सोनुबाई त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. पोर बरी झाली म्हणून ठीक, नाहीतर काय झालं असतं, हे तिलाही कळत होतं. पण येता-जाता तो लाल ढीग डोळ्यात खुपत होता.

आता निपाणीच्या माणसाला किडा दिसला की काय सुचतं? तंबाखू. गुलाबावर मावा पडला, मार तंबाखूचं पाणी. कोंबड्यांना पिसवा झाल्या, पसर तंबाखूचा भुगा. त्यात सोनुबाई म्हणजे वखारीतली नावाजलेली बाई. चिमूट नाकाशी धरून माल कुठल्या शिवारातला ते सांगायची. व्यापारी तिच्या तोंडाकडं बघायचे. तंबाखूतलं मला कुणी शिकवायचं न्हाय, हे तिचं ठरलेलं वाक्य. तिनं ओळखीच्या वखारीतून पोतंभर दांडे-भुगा मागवला, चुलीवर दोन हंडे उकळले आणि तपकिरी काढा चारी काठांनी ओतला. सुविधा म्हणाली, आत्ती, त्यात मासे हाईत. सोनुबाई म्हणाली, एवढ्या पाण्यात एवढ्याशानं काय होतंय? संध्याकाळी पळी बुडवली तर सगळ्या अळ्या गपगार. त्या रात्री ती मुलाशी आपण होऊन बोलली, आणि जेवताना भाकरी एक जास्त खाल्ली.

सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. बेडकांची पोरं, पाणकिडे, सगळं. करायला गेले काय आणि वर झाले पाय.

सोनुबाई काठावर मटकन बसली. मग वर बघितलं, तर तारेवर खंड्या. खाली फुकटची पंगत मांडलेली, आणि तो मान तिरकी करून बघत होता. ते मासे त्यानं खाल्ले तर? कोंबडीनं हे पाणी प्यायलं तर? तिनं कपडे बडवायची काठी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पाहुण्यांवर धावून गेली. खंड्या उडाला. बगळा उडाला. पाणकोंबडी जोंधळ्यांच्या आशेनं तिच्या पायापाशी आली होती, तिच्यासमोर तिनं काठी आपटली. कोंबडी दोन पावलं मागं गेली आणि उभी राहून बघत राहिली. दोन वर्षं हिनं काही केलं नव्हतं, आज काय झालं, असंच तिला वाटलं असणार. सोनुबाईनं परत काठी आपटली. तेव्हा ती पळाली. दिवसभर बाई उन्हात काठी घेऊन उभी होती, एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं हाकलत होती.

"मीच म्हणलं हुतं, इचारायचं न्हाय, या म्हणून," ती सुविधाला म्हणाली. "आन् मीच इख घातलं गं."

दुसरी बाई असती तर मेलेले मासे पुरून मोकळी झाली असती. अळ्या मेल्याच होत्या, तपासणी पार पडली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण सोनुबाईनं त्याच संध्याकाळी चप्पल घातली आणि रचनाचं घर गाठलं. ज्या बाईनं पस्तीस वर्षांत तंबाखूच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नव्हतं, ती नातीच्या वयाच्या पोरीसमोर उभी राहून म्हणाली, माझं चुकलं, आता काय करू ते तू सांग. रचनानं तिला आत नेऊन बसवलं. मग तिनं सांगितलं, की आज्जी, औषध घालायचंच नव्हतं. अळ्या खाणारे गप्पी मासे दवाखान्यातनं फुकट मिळतात. कडेचं गवत विरळ करा, म्हणजे मासे काठापर्यंत पोचतात. पण आधी हे पाणी पार काढलं पाहिजे.

मग काय, मोटार लागली. पाणी गटारीत जाऊ दिलं नाही. मागच्या पडीक तुकड्यात चर काढून जिरवलं. तळाचा चिखल सोनुबाईनं आणि सुविधानं बुट्टीनं उपसला. तिसऱ्या दिवशी दीपंकर बँकेतून आला, आईला गुडघाभर चिखलात बघितलं, बूट काढले आणि पँट दुमडून खाली उतरला. बुट्टी या हातातनं त्या हातात जात राहिली. नागेंद्र सर कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, की अक्का, बुजवायचंच आहे तर एवढं धुताय कशाला? सोनुबाईनं त्यांना झालं ते सगळं सांगितलं, काढ्यापासून काठीपर्यंत, काही झाकलं नाही. त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी तिथं येऊन उभे राहायला लागले.

बोअरचं पाणी सोडून दोनदा तळं विसळून काढलं, तिसऱ्यांदा भरलं. चार दिवस मुरू दिलं. दहाव्या दिवशी रचनानं बरणीतून गप्पी आणून दिले, बोटाच्या पेराएवढे. ते जगले. सोनुबाईनं लव्हाळा विरळ केला, पण हत्तीगवताच्या कोपऱ्याला हात लावला नाही. तारेवर खंड्या नव्हता. काठावर टाकलेले जोंधळे चिमण्या खात होत्या. तळं आरशासारखं लख्ख झालं होतं, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं. कोंबडी अंडी टाकून गेली असेल का, हे बाई कुणाला विचारत नव्हती, आणि गवत बाजूला करून बघायचं धाडसही होत नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी रचना आली. नागेंद्र सर नातीला घेऊन आले. दीपंकर फाटकाशी, मुरमाच्या ढिगाजवळ. रचनानं चारी काठांनी पळी बुडवली. एकदा, दोनदा, दहा वेळा. पळीत पाणी, आणि एकदा एक गप्पी. अळी एकही नाही.

दीपंकर हसला. सर हसले. सोनुबाई हसली नाही. ती धुण्याच्या दगडावर बसली, ओच्यातून मूठभर जोंधळे काढले आणि पायापासून हातभरावर टाकले, रोजच्यासारखे. मग मांडीवर हात ठेवून गप्प राहिली. तिला बघून बाकीचेही गप्प झाले. सरांची नात तेवढी चुळबुळ करत होती, तिलाही सरांनी जवळ ओढलं.

हत्तीगवत हललं. आधी पांढरं तोंड बाहेर आलं. शेपटी झटकली. कोंबडी काठावर आली, थांबली, सोनुबाईच्या हाताकडं बघितलं. हातात काठी नव्हती. मग ती चालत आली, आणि तिच्या मागून काळीकुट्ट पिल्लं, काजळाचे ठिपके उठून चालावेत तशी. एक, दोन, तीन, चार, पाच. हातभरावर येऊन तिनं दाणा टिपला. पिल्लं सरळ पाण्यात उतरली.

काठ्या आपटल्या, चिखल उपसला, सगळा परस उलटापालटा झाला, तरी ही पंधरा दिवस तिथंच अंड्यांवर दबून बसली होती. सोनुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान अशी वर झाली, की वखारीत पहिल्या नंबरचा माल तिनं निवडला तेव्हाही झाली नसेल.

"अक्का," नागेंद्र सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "हिला रोज घेऊन आलो तर चालंल का?"

"सर, हितं इचारायचं न्हाय," सोनुबाई म्हणाली. "यायचं."

रचनानं कागद काढला. सोनुबाई उठली आणि तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. "काय लिवतीस? मागच्या बारीला गुंडी लिवलंतंस. मला ऐकू आलंय."

रचना लाजली. तिनं आधीचा शब्द खोडला आणि वर नवीन लिहिला. मग सोनुबाईला दाखवत वाचला, "केरे."

सोनुबाईनं दीपंकरकडं बघितलं. बेळगावापासून निपाणीपर्यंत कुणालाही ठाऊक आहे, कन्नडात केरे म्हणजे तळं. गावाला पाणी पुरवणारं, बांध घातलेलं, मोठं तळं. बारा हात पाण्याला कुणी केरे म्हणत नाही.

"ऐकलास न्हवं?" ती मुलाला म्हणाली. "आता तो मुरूम फाटकापासनं हितपतूर पसर. माणसं येणार, त्यांचं पाय चिखलात नगोत."

दीपंकर फावडं आणायला गेला. सोनुबाईनं चहाचं आधण चढवायला सांगितलं, सगळ्यांसाठी, आणि सिलिंडरवाला आला तर त्यालाही.