हेन्कच्या गाण्याला दाद

हेन्क गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको विल्मा आमच्या दारात उभी राहिली. नेदरलँड्समधल्या फोरबर्गमध्ये आमची आणि त्यांची भिंत एकच. हेन्क दर रविवारी गिटारवर एक जुनं अमेरिकन कंट्री गाणं म्हणायचा. घोडा विकायला निघालेला माणूस बायकोच्या आठवणीनं अर्ध्या वाटेतून परत फिरतो, एवढीच त्यातली गोष्ट. अंत्यविधीला ते नीलांबरीनं गावं, अशी विल्माची इच्छा होती.

नीलांबरी माझी बायको. शास्त्रीय शिकलेली, पण असलं कधीच न गायलेली. त्याचं गाणं आपल्या हातून बिघडलं तर, या धास्तीनं ती तीन दिवस धड जेवली नाही. पण नाही म्हणायची सोयच नव्हती. सत्तरीतल्या या माणसानं कॅरियर धरून, धापा टाकत मागे पळून तिला सायकल शिकवली होती. आमची लेक हिमानी तापानं फणफणली आणि मी आइंडहोवनला अडकलो, तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्याशी फोनवर भांडून त्यानंच त्याच दिवशीची वेळ मिळवली होती.

आणि मी काय केलं? एकदा रीतसर जेवायला बोलावू, पुरणपोळी करू, मग आभार मानू, असं सहा वर्षं घोकत बसलो. डोंबलाचं रीतसर. चार पावलं चालून बेल वाजवली असती तरी भागलं असतं.

अंत्यविधीच्या सकाळी हॉलमध्ये साठेक माणसं होती. नीलांबरीनं साथीला गिटार घेतलीच नाही. फोनवर तंबोरा लावला, शब्द तेच ठेवले आणि चाल अगदी संथ केली. सुरुवातीला तिचा आवाज थरथरत होता. माणूस परत फिरतो त्या ओळीशी आली आणि तिथेच थांबली. तीच ओळ पुन्हा, जरा वेगळ्या वळणानं, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती खालच्या सुरावर इतकी अलगद येऊन टेकली, की माझ्या तोंडून खणखणीत 'वा' निघून गेलं.

साठ माना वळल्या. इथे अंत्यविधीत लोक खोकलासुद्धा रुमालात दाबतात. हिमानीनं मला चिमटा काढला. मी जीभ चावली. नीलांबरीचा आवाज मात्र तेवढ्यानं सावरला आणि उरलेलं गाणं ती मोकळ्या गळ्यानं गायली.

नंतर कॉफीच्या वेळी मी विल्माची माफी मागायला गेलो. आमच्याकडे गाणं चालू असतानाच दाद देतात, सवयीनं निघून गेलं, असं काहीबाही सांगू लागलो. तिनं माझा हात धरला.

"अजित, चाळीस वर्षं आम्ही सगळे त्याचं गाणं संपायची वाट बघायचो," ती म्हणाली. "संपलं की टाळ्या. मधेच कुणीतरी असं 'वा' म्हणायला हवं होतं त्याला."

मला रडूच फुटलं. कॉफीचा कप हातात धरून मी सहा वर्षांचं सगळं तिथेच बोलून टाकलं: ती सायकल, तो ताप, न झालेली पुरणपोळी. मग विचारलं, उद्या जेवायला येशील का, साधा वरणभातच आहे.

एरवी महिनाभर आधी तारीख ठरवणारी विल्मा डायरी न काढताच हो म्हणाली.