धरण खात्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, अंगणातली नव्हे, शाळेतली तर मुळीच नव्हे. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचं मंत्रिमंडळ ज्या लांबलचक टेबलाभोवती बसतं, त्या टेबलाच्या अगदी टोकाला माझी जागा आहे. मित्रांनो, हे ऐकून तुम्ही सरसावून बसला असाल. पण माझ्याजवळ सांगण्यासारखा थाट फारसा नाही. जे आहे ते ऐकून तुम्हालाही माझ्यासारखाच धक्का बसेल, याची मात्र खात्री आहे.

माझा जन्म कॅरोलायनातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात झाला. ओडेसा बीम नावाच्या बाईंनी माझ्यावर चामडं ताणून बसवलं आणि कडेने पितळी खिळे ठोकले. खिळे ठोकताना त्या भजन गुणगुणायच्या आणि मधूनच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "नीट राहा हं बाई. तुझ्यावर शहाणी माणसं बसणार आहेत." बिचाऱ्या ओडेसाबाई! त्यांचा माणसांवर फार विश्वास होता.

आमच्या टेबलाचे काही नियम आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीची पाठ आम्हा सगळ्यांपेक्षा थोडी उंच असते. जे खातं जुनं, त्याची खुर्ची त्यांच्या जवळ. आमचं नद्या आणि धरणांचं खातं सगळ्यांत धाकटं, म्हणून मी शेवटी, दाराजवळ. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मंत्र्याच्या नावाची छोटी पितळी पाटी स्क्रूने बसवलेली असते. आणि आणखी एक नियम असा की आत येताना सर्वांनी आपापले मोबाइल बाहेरच्या लाकडी कप्प्यांत ठेवायचे. कोणी चोरून ऐकू नये म्हणून. माणूस कितीही मोठा असो, फोन बाहेर.

माझे पहिले मंत्री एल्बर्ट क्विग्ली. गलेलठ्ठ, सदा घामेजलेले आणि खिशात भाजके शेंगदाणे बाळगणारे. त्यांची फोलपटं अजून माझ्या शिवणीत सापडतील. ते तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांशी तोंडावर भांडायचे. "साहेब, तुम्ही चुकताय," असं ते म्हणाले की माझे हात त्यांच्या मुठींखाली करकरायचे. राष्ट्राध्यक्ष चष्मा टेबलावर आपटायचे, लालबुंद व्हायचे आणि म्हणायचे, "एल्बर्ट, मी गव्हर्नर असतानाच तुला घरी बसवायला हवं होतं!" पण पुढच्या बैठकीत तेच विचारायचे, "बोल बाबा, तुझं त्या बंधाऱ्याचं काय म्हणणं होतं?" ते दिवस माझ्या सुखाचे होते. भांडण ऐकायची मला इतकी सवय झाली की मला वाटायचं, राज्यकारभार म्हणजे हेच.

मग नवे राष्ट्राध्यक्ष आले. त्यांचं नाव मी सांगत नाही. ते स्वतःच ते इतक्या वेळा घेतात की माझ्या सांगण्याची गरज नाही. टीव्हीवर मोटारी विकून ते प्रसिद्ध झाले होते. त्यांनी पहिल्याच बैठकीला कॅमेरे आत बोलावले. पूर्वी कॅमेरेवाले यायचे, फोटो काढायचे आणि त्यांना बाहेर काढलं जायचं. आता सगळी बैठकच देशभर थेट दिसू लागली. बैठकीत काय चालायचं? एकेका मंत्र्याने आळीपाळीने राष्ट्राध्यक्षांचं कौतुक करायचं. एक म्हणे, "साहेब, असा नेता देशाने पाहिला नाही." दुसरा म्हणे, "साहेब, माझी आई तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते." तिसऱ्याला बोलायला काही उरायचंच नाही, म्हणून तो पहिल्या दोघांचं एकत्र करून म्हणायचा. मी थक्क होऊन ऐकायची. देशात रस्ते, रुग्णालयं, शेती, शाळा असं काही असतं, हे त्या टेबलावर कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

जो कमी लोणी लावील, तो गेला. माझ्या पाठीवरच्या पाट्या इतक्या भरभर बदलू लागल्या की स्क्रूची भोकं सैल झाली. इमारतीचे सुतार डेस्मंड फूशे प्रत्येक वेळी भोकात दात कोरायची काडी नि सरस घालून नवी पाटी बसवायचे आणि पुटपुटायचे, "पुढच्या वेळी चिकटपट्टीच लावतो."

त्याच सुमारास एक घटना घडली. राष्ट्राध्यक्षांची एका गावात मोठी सभा होती. आदल्या दिवशी वरच्या धरणावर पाणी वाढलं म्हणून आमच्या खात्याच्या लोकांनी भोंगा वाजवला. गाव रिकामं झालं. पाणी पुढे ओसरलं, पण सभेचं मैदानही ओसच राहिलं आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या. राष्ट्राध्यक्ष संतापले. भोंगा वाजवणाऱ्याला त्यांनी घरी पाठवलं आणि फर्मान काढलं की यापुढे मंत्र्याच्या तोंडी परवानगीशिवाय देशातल्या कुठल्याही धरणावर भोंगा वाजणार नाही. धरणं तपासणारी निम्मी माणसंही काढून टाकली. "सगळे घाबरट," ते म्हणाले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

अशा वेळी माझ्यावर बसायला वर्ना टिलमन आल्या. उंच, काटक, हाताला कामाचे घट्टे. डोंगरातल्या ऑल्डर फोर्क नावाच्या गावच्या. गावाच्या डोक्यावरच मोठं धरण आणि धरणाच्या खाली त्यांच्या थोरल्या बहिणीची, लुसीची, खानावळ. वर्नाबाईंनी या राष्ट्राध्यक्षांसाठी गावोगाव प्रचार केला होता. पहिल्या बैठकीत त्याही बोलल्या, "साहेब, तुम्ही आमच्या खात्यातली बांडगुळं काढलीत, आभार." मला त्यांचा राग आला होता, मी कशाला लपवू?

पण थंडी सरत आली आणि त्या बदलल्या. बैठक सुरू होण्याआधी त्या माझ्यावर बसून मागे भिंतीपाशी बसणाऱ्या उपमंत्र्यांशी, क्लाइड पेंडर यांच्याशी, हळू आवाजात बोलायच्या.

"क्लाइड, डोंगरावरचा बर्फ यंदा भलताच लवकर वितळतोय. तपासायला माणूस नाही. मी आज साहेबांना सांगणार."

"टीव्हीसमोर? वेड लागलंय का तुम्हाला? आधी गोडगोड बोला, मग बघू."

"गोड बोलून बोलून तोंड आंबलंय माझं."

"मग आणखी थोडं आंबू द्या. खुर्ची तरी टिकेल."

खुर्ची टिकेल म्हणे! खुर्ची मी होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी बैठक सुरू झाली. फोन बाहेर कप्प्यांत. कॅमेरे चालू. कौतुकाची फेरी राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताकडून निघाली. आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी. राष्ट्राध्यक्ष खुशीत होते, प्रत्येकाला मध्येच थांबवून "हे परत सांग, लोकांना ऐकू दे," म्हणत होते. परराष्ट्रवाले बोलले, खजिनावाले बोलले. एवढ्यात दार किलकिलं झालं आणि कप्प्यांवर पहारा करणाऱ्या बाई आत आल्या. त्यांनी वाकून क्लाइडच्या हातात चिठ्ठी दिली आणि कुजबुजल्या, "टिलमनबाईंचा फोन थांबतच नाहीये. ऑल्डर फोर्कच्या धरणावरून आहे. भोंग्याची परवानगी मागतायत."

मी क्लाइडच्या अगदी पुढ्यात होते. त्यांनी चिठ्ठी वाचलेली मी पाहिली. वर्नाबाईंचा खांदा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. पण राष्ट्राध्यक्ष बोलत होते आणि ते बोलत असताना कॅमेऱ्यासमोर हलायची कोणाची छाती होत नसे. क्लाइडनी चिठ्ठीची घडी केली आणि मुठीत धरली. शेतीवाल्यांचं कौतुक संपलं. टाळ्या. मजूरवाल्यांचं सुरू झालं. त्यांनी तर एक गोष्टच सांगायला घेतली, त्यांचा नातू साहेबांचा फोटो उशाशी ठेवून झोपतो म्हणून. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण माझ्यात कुठेतरी ओरडायची ताकद असती तर मी त्या क्षणी ओरडले असते. एक शहाणासुरता माणूस मुठीत आख्खं गाव धरून बसला होता आणि टाळ्या वाजवता याव्यात म्हणून त्याने ती चिठ्ठी खिशात घातली!

पुढच्या टाळ्या वाजल्या तेव्हा कुठे त्यांनी ती काढून वर्नाबाईंच्या हातात सरकवली.

वर्नाबाईंनी वाचलं. त्या उठू लागल्या.

"वर्ना, कुठे निघालीस?" राष्ट्राध्यक्ष हसत म्हणाले. "तुझी पाळी येतेय. पळून जाऊ नकोस, बस."

"साहेब, मला फोन करायचाय. आत्ता."

"बस म्हटलं ना. लोक बघतायत."

वर्नाबाई थबकल्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. लोक बघतायत, हे शब्द त्यांच्या मनात कुठेतरी जाऊन बसले असावेत. कारण मग त्या इतक्या जोरात उभ्या राहिल्या की मी मागे क्लाइडच्या खुर्चीवर आदळले आणि माझा एक खिळा उडाला.

"ऑल्डर फोर्क, ऐकताय ना? मी वर्ना बोलतेय. धरण फुटतंय. घरं सोडा, चर्चच्या टेकडीवर चढा. सामान घेऊ नका, कुलपं लावत बसू नका. शाळेतल्या बाईंनो, पोरांना पळवा. लुसी, खानावळ सोड. सोड म्हणतेय ना! आणि धरणावर जे कोणी असाल त्यांना माझी परवानगी आहे, वाजवा तो भोंगा!"

मजूरवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष ओरडले, "कॅमेरे बंद करा! माझ्या बैठकीत? माझ्या?"

"तुमच्याच बैठकीत, साहेब," वर्नाबाई म्हणाल्या. "माझ्या गावात सगळे टीव्हीपुढे असणार. मी दिसणार म्हणून. दुसरीकडून सांगायला आता वेळ नाही."

त्या बाहेर गेल्या. दार उघडं राहिलं होतं, म्हणून मला दिसलं. त्यांनी कप्प्यातून फोन काढला. धरणावरून आलेले फोन एकाखाली एक दिसत होते आणि सगळ्यांत वर नुकताच आलेला एक संदेश होता. त्यांना मंत्रिपदावरून काढल्याचा. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला आणि गावाला फोन लावला.

पुढचं मला डेस्मंडकडून कळलं. पाटी काढायला ते दुपारीच आले. त्यांना आम्हा खुर्च्यांशी बोलायची सवय आहे. म्हणाले, "गाव वाहून गेलं गं. पण माणसं टेकडीवर होती. ती खानावळवाली बहीण टीव्हीवर सांगत होती, तव्यावर धिरडी तशीच जळत टाकून निघाले म्हणे. म्हणाली, वर्ना लहानपणापासून हुकूम सोडते, आज पहिल्यांदा ऐकला." मग त्यांनी डोळे पुसले. "धरणावरची दोघं गेली मात्र. गाव चढेपर्यंत पाणी दुसरीकडे काढावं म्हणून हाताने दरवाजे फिरवत राहिली. भोंग्याची परवानगी वेळेत मिळाली असती, तर त्यांनाही निघता आलं असतं."

मला वाटलं, आता तरी या खोलीत काही बदलेल. मित्रांनो, मी किती भोळी! ओडेसाबाईंनी मला बनवलं ना, त्यांचाच गुण लागला असणार.

पुढची बैठक भरली. फोन बाहेर, कॅमेरे आत. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, "तो इशारा मीच द्यायला सांगितला होता. माझ्या बैठकीतूनच गेला ना? आणि एकही माणूस गेला नाही. एकही नाही." सगळ्या देशाने जे डोळ्यांनी पाहिलं होतं, ते हा माणूस त्याच टेबलावर बसून पुसून टाकत होता. परराष्ट्रवाले म्हणाले, "साहेब, आपण एक गाव वाचवलंत." खजिनावाले म्हणाले, "साहेब, दुसरा कोणी असता तर हात-पाय गाळले असते." फेरी एकेका खुर्चीवरून पुढे सरकत सरकत माझ्यापर्यंत आली.

माझ्यावर आता नवे मंत्री होते. डेस्मंडनी त्यांची पाटी सकाळीच बसवली होती. क्लाइड पेंडर. त्यांच्या तळव्यांचा घाम माझ्या हातांना लागत होता. मला वाटलं, हे तरी खरं बोलतील. त्यांना तर सगळं माहीत होतं, इतर कोणाहीपेक्षा जास्त. ते खाकरले आणि म्हणाले, "साहेब, ऑल्डर फोर्कच्या वतीने मी आपले आभार मानतो. खरंच, एकही माणूस गेला नाही."

टाळ्या वाजल्या. माझ्या हातांवरून त्यांचे हात उचलले गेले, कारण तेही टाळ्या वाजवत होते.

मित्रांनो, खुर्चीची निगा राखणं सोपं असतं. डेस्मंड मला मेण लावतात, उडालेला खिळाही त्यांनी परत ठोकला. पण खुर्चीत बसलेल्या माणसाची निगा सुतार राखू शकत नाही, ती तुम्हालाच राखावी लागते. तो काय बोलतो ते ऐका. आणि त्याने काय गाळलं, ते तर कान देऊन ऐका.

धरणावर जी दोघं गेली, त्यांची नावं डेस्मंडनी मला सांगितली: वेंडेल स्प्राउल आणि मार्गो इसाकसन. बैठकीत ती अजून कोणी उच्चारलेली नाहीत. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.