अण्णांचा बिननावाचा पतंग

सकाळपासून माझे सासरे, अण्णा, खिडकी ते दार येरझारा घालत होते. आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत येरझारा म्हणजे दर खेपेला माझ्या पायावर पाय. बसा म्हटलं की बसायचे आणि पुन्हा उठायचे. दुपारी कॉलेजचे सर येणार होते. अण्णांना कोलशेतच्या खाडीकाठी सापडलेला पतंग, दिव्यावर झेपावतो तो किडा, बहुधा कुठल्याच पुस्तकात नव्हता. पण नुसत्या फोटोवरून नाव मिळत नाही, खरा पतंग तपासावा लागतो. तो एकच होता, टाचणीला लावून खोक्यात ठेवलेला. जिथे सापडला तिथे आता टॉवर उभा राहतोय.

गणपतीत घरात उंदीर शिरला तेव्हा पतंगाच्या खोक्याच्या काळजीने अण्णा पिंजरा लावू म्हणाले. सासूबाई ठाम नाही म्हणाल्या. बाप्पा घरात असताना त्याचं वाहन कोंडायचं? जन्मभर मान खाली घालून कारकुनी केलेला माणूस त्या दिवशी चक्क भांडला. उंदराला कणा असतो, तो पिलांना दूध पाजतो, म्हणून तो आपल्यातला. सहा पायांच्या किड्याला कोण विचारतो? असं म्हणून ते माझ्याकडे वळले.

"उंदीर गल्लोगल्ली आहेत गं, हेमा. ह्याला अजून नावसुद्धा नाही. नाव नाही त्याला वाचवणार कोण?"

सासूबाईंनी उंदरासाठी कोपऱ्यात मोदक ठेवला. मी कपाळावर हात मारला. अण्णांनी निमूटपणे खोका माळ्यावर चढवला आणि त्याच्यापुढे मखराचं उरलेलं सामान रचलं गेलं.

काल विसर्जन झालं. आज सर यायच्या आधी अण्णांनी खोका उतरवला. मागचा कोपरा कुरतडलेला होता. आत टाचणी तेवढी उभी आणि तळाशी पंखांचा भुगा. मला रडू आलं, सासूबाईंचा रागही आला. अण्णांनी सरांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. निष्काळजीपणा माझाच, म्हणाले.

सासूबाई दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी अण्णांच्या किड्यांच्या खोक्यांवरची धूळ पुसली, पण एकही कधी उघडून पाहिला नव्हता.

"तपकिरी होता ना हो तो?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे. पतंग राखाडी होता, पंखावर पांढरी रेघ. मी बोलणार तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, तपकिरीच," ते म्हणाले. "लक्षात आहे की तुझ्या."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.