मागच्या दिव्यातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना मागचा दिवा आहे. त्यातला 'मागचा' हा शब्द जरा नीट ऐका. माझं सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे.

एका निळ्या मोटारीच्या डिकीशेजारी, उजव्या बाजूला माझी जागा. रंग लाल, बांधा लहान, स्वभाव मत्सरी. शेवटची गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, पुढे कळणारच आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे शेजारच्याच पट्ट्यावर पुढचे दिवे तयार होत होते. मोठे, नितळ, आरपार दिसणारे. त्यांना एकेकाला मऊ कागदात गुंडाळून वेगवेगळ्या खोक्यांत निजवलं. आम्हाला मात्र बटाटे भरावेत तसं एकाच पेटीत भरलं. माझा मत्सर तिथपासूनचा. म्हणजे मोटारीहूनही जुना.

या मोटारीच्या घरात दोघीच राहतात. एक सासूबाई, एक सूनबाई. मुलगा बोटीवर नोकरीला असतो, वर्षातून दोनदा येतो. दोघी मिळून केक आणि बिस्किटं करतात आणि पहाटे दुकानांना पोचवतात. मोटार सासूबाई चालवतात. मागचं बाक काढून तिथे ट्रे ठेवायच्या फळ्या बसवल्या आहेत. चालकाच्या शेजारच्या जागेवर ज्या दिवशी जो मोठा केक असेल तो बसतो, पट्टा लावून. त्यामुळे सूनबाईंना मोटारीत जागा नाही. त्या स्कूटरवरून मागोमाग येतात, पायाशी क्रीमच्या केकचं खोकं घेऊन.

दर रविवारी सासूबाई कोमट पाणी घेऊन पुढच्या दिव्यांपाशी बसायच्या. चिकटलेले किडे हळूच सोडवायच्या. "गाडीचे डोळे आहेत बाबा, स्वच्छ हवेत," असं म्हणायच्या. मित्रांनो, मला कुणी कधी गाडीचं काहीही म्हटलं नाही. माझ्यावर एकदा कावळ्याने कार्यभाग उरकला, तो पंधरा दिवस तसाच वाळत होता.

दिवस सगळ्यांचे पालटतात. उन्हात उभं राहून राहून पुढचे दिवे पिवळे पडले, मग त्यांच्यावर साय धरल्यासारखं झालं. "मोतीबिंदू झालाय की काय यांना," सासूबाई म्हणाल्या. मी मनातून इतका खूश झालो की सांगता सोय नाही. पण झालं उलटंच. आजारी पडल्यावर त्यांचे लाड दुप्पट झाले. सासूबाईंनी त्यांना टूथपेस्ट लावून घासलं. आठ दिवस ते चमकले, नवव्या दिवशी पुन्हा पिवळे. पुन्हा टूथपेस्ट. पुदिन्याचा तो गार वास वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत यायचा आणि माझा जीव तिळतिळ तुटायचा.

त्याच सुमारास मलाही दुखणं लागलं होतं. माझ्यात आणि मोटारीच्या पत्र्यात एक रबरी पट्टी असते, ती वाळून चिरली. मोटार धुतली की त्या चिरेतून पाणी आत यायचं. माझ्या तळाशी मोहरीएवढं एक भोक आहे, तिथून ते गळून जायचं. येणं-जाणं चालू होतं. थोडा ओलावा मात्र आत राहायचा.

तो पहिल्यांदा पाहिला सूनबाईंनी. "आई, मागच्या दिव्यात पाणी आहे. मासा सोडला तर जगेल."

"मागे कोण बघतंय?"

"मी बघते की. रोज मीच असते मागे."

दुपारी सासूबाई मोरीची सांध बुजवायच्या डिंकासारख्या लेपाची नळी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझ्यासमोर, मित्रांनो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी माझी कड बोटाने चाचपली. सगळीकडून लेप दिला. तळाशी ते मोहरीएवढं भोक दिसलं, तेही बुजवलं.

"ते भोक मुद्दाम ठेवलेलं असेल आई," सूनबाई म्हणाल्या.

"बिस्किटांच्या डब्याला मी भोक ठेवते का? हवाबंद म्हणजे हवाबंद. आता आत काही जायचं नाही."

त्या बाईंच्या हाताची बिस्किटं महिना महिना कुरकुरीत राहतात, त्यामुळे सूनबाईंना पुढे बोलता येईना. मला बोलता येत असतं तर? खरं सांगतो, मीही गप्पच राहिलो असतो. त्यांचा हात माझ्यावर होता.

मग त्या डाव्या बाजूच्या दिव्याकडे वळल्या. तो माझा जुळा भाऊ. त्यालाही तसाच लेप मिळाला. मला तेवढंसुद्धा सोसलं नाही.

पण चीर होती ती माझ्या पाठीला, लेप लागला पुढून. पाणी येतच राहिलं, आता बाहेर पडायला वाट नव्हती. बल्ब तापला की त्याची वाफ व्हायची, निवला की थेंब. आतली पितळी टोकं हिरवी पडली. भावाचीही पट्टी तशीच चिरलेली, तो तर चारच दिवसांत विझला. मी मिणमिणत राहिलो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पुढच्या दिव्यांना गॅरेजमध्ये नेलं. गॅरेजवाल्या काकांनी त्यांना ओल्या पॉलिशकागदाने घासलं. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ. मला दिसत नव्हतं, पण खरखरीची सरसर होत गेलेली ऐकू येत होती. शेवटी पॉलिश, आणि त्यावर उन्हाला अडवणारा पारदर्शक लेप. "हा वरचा हात दिल्याशिवाय घासून उपयोग नाही वहिनी," काका म्हणाले. "टूथपेस्टने दात घासा तुम्ही."

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "कालच कारखान्यातून आल्यासारखे दिसतायत."

"मागचेही उघडून बघू का?"

"नको. मागचे मी केलेत. घट्ट."

मी आत पाणी घेऊन ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे दाट धुकं पडलं. पुढचे दिवे असे लागले की धुकं फाडल्यासारखा रस्ता उघडत गेला. मागे सूनबाई स्कूटरवर, माझ्याकडे बघत. एका वळणावर मोटारीपुढे कुत्रं आलं. सासूबाईंनी करकचून ब्रेक दाबला. त्या क्षणी मी लालभडक पेटायचं असतं. माझं आयुष्यातलं काम ते एवढंच. मी लागलो नाही. आत पाण्यात कुठेतरी चर्र झालं आणि मीही भावासारखा विझलो.

स्कूटर येऊन माझ्या खालच्या पत्र्यावर आदळली. मोठा आवाज झाला नाही. खोकं फुटलं, एवढंच.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. वाईट वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. आता तरी माझ्याकडे बघतील, असं वाटलं. मग मला सूनबाई दिसल्या. रस्त्यावर बसलेल्या, गुडघा फुटलेला, हेल्मेटभर क्रीम. तेव्हापासून तो क्षण मला पुसता आलेला नाही.

सासूबाई धावत आल्या. "लागलं का गं? बोल आधी."

"केक गेले सगळे."

"चुलीत गेले केक. पाय हलव बघू."

सूनबाईंनी पाय हलवला. मग हळूच विचारलं, "आई, तुम्ही ब्रेक लावला होता?"

"लावला होता की."

"मला लाल काही दिसलंच नाही."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या नजरेसाठी मी जळत होतो, ती अशी मिळाली. त्यापेक्षा ती त्या कावळ्याच्या घाणीवरच पडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी दोघींनी मला खोलून ओट्यावर ठेवलं. वाटीभर पाणी निघालं. सूनबाईंनी मला उलटं केलं, बुजलेल्या भोकावर बोट ठेवलं.

"आई, गरम केक डब्यात घालून लगेच झाकण लावलं तर?"

"घाम येतो त्याला. तळ भिजतो. म्हणून तर मी झाकणाला भोक..." सासूबाई थांबल्या. "मी याला बिस्किट समजले गं."

"आणि हा केक निघाला."

दोघी हसल्या. मग सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "मोडलं असतं काही तर त्याला काय तोंड दाखवलं असतं मी?" बोटीवरच्या मुलाबद्दल त्या बोलत होत्या. सूनबाई म्हणाल्या, "त्याचं राहू द्या. तुम्हाला पहाटे ट्रे उतरवायला कोण मिळालं असतं?"

केक शिजला का ते बघायची सुई घेऊन सासूबाईंनी स्वतः ते भोक मोकळं केलं. हिरवी टोकं घासली. काकांकडून दोन्ही बाजूंना नवी रबरी पट्टी आणि नवे बल्ब आले. आणि मित्रांनो, मला कशात वाळवलं म्हणता? भट्टी विझवून निवल्यावर, आत हात ठेवून ऊब सोसते का बघून, मला फडक्यावर आत ठेवलं. जिथे केक बसतात तिथे. व्हॅनिलाच्या वासात. पुढचे दिवे तिथे कधी गेलेले नाहीत, जाणारही नाहीत. ही बातमी त्यांना कशी कळवावी, याच विचारात मी दोन दिवस होतो.

तेव्हापासून रोज पहाटे निघताना सासूबाई मोटारीत बसून ब्रेक दाबतात. सूनबाई मागे उभ्या राहून आधी भावाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "लागले, आई." तेवढं ऐकल्याशिवाय मोटार हलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोटारीच्या मागेही असं कुणीतरी रोज एकदा उभं राहू द्या. चालवणाऱ्याला मागचा दिवा कधी दिसत नाही. तो ज्याच्या जिवासाठी असतो, तो मागून येत असतो. आणि दिव्याच्या तळाशी भोक दिसलं तर ते बुजवू नका.

रविवारी कोमट पाणी अजूनही आधी पुढच्यांनाच मिळतं. मला ते आवडत नाही. नवी पट्टी असली तरी मत्सराचं थोडं पाणी साचतंच आत. पण सोमवारी पहाटेपर्यंत ते तळाच्या भोकातून थेंब थेंब गळून जातं, आणि सूनबाई मागे येऊन उभ्या राहतात तेव्हा मी कोरडा असतो.